रकाना नववा

दहा एप्रिलच्या आत वही भरून द्यायची.
शाळा सुटली. निंगव्वा पातेली घासून निघाली,
जाताना दारातून, "बाई, ऊटा आयता?"
चार वाजले तरी तिचा तोच प्रश्न,
आणि माझं तेच "आयतु", डबा न उघडता.

तिसरीच्या खोलीत बसलेय.
कौलातून उतरलेलं ऊन बाकावर, रुपयाएवढं.
मराठी, कन्नड, गणित, परिसर,
आठ रकाने झरझर भरले.
नववा : वैयक्तिक व सामाजिक गुण.
अ, ब किंवा क.

मष्णू परशराम घाडी.
आजोबांचं नाव लावलेलं पोर. हजेरीला हाक मारली
की मागच्या बाकावरून नुसता हात वर येतो.
आषाढापासून बोलत नाही. बाप गोव्याला,
म्हापशात फरशी बसवतो म्हणे,
गणपतीला येतो म्हणाला होता.
गणपती आले, बसले, गेले.

हेडमास्तर म्हणाले, बेळगावला दाखवून आणा.
आणलं. डॉक्टर म्हणाले, जीभ ठीक, कान ठीक.
परत येताना खानापूरच्या स्टँडवर विचारलं,
भजी खाणार?
त्यानं दोन बोटं दाखवली.
दुसरी पुडी आईसाठी होती, हे मला
जांबोटीपर्यंत कळलं नाही,
खिशाला तेलाचा डाग फुटेस्तोवर.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, मुलाला बोलतं करा.
तीन दिवस तक्ते, टाळ्या, चहा-बिस्किटं.
मी बोलतं करायचं सोडूनच दिलं.
घंटा दिली त्याला.

घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, चिंचेला टांगलेला,
लोंढ्याहून कुणी कधी आणला कोण जाणे.
पहिल्या दिवशी टोल इतका हळू दिला
की वर्गातल्या वर्गात विरला.
पोरं हसली. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

मग जानेवारीत, मळण्या आटोपलेल्या,
शिवारातले हत्ती रानात परतलेले,
आणि फळ्यावर भागाकार.
मष्णू एक बोट दाखवून बाहेर गेलेला.
तर घंटा.
अकरा वाजून वीस मिनिटांनी. थांबेचना.
अख्खी शाळा अंगणात, हेडमास्तर एका चपलेवर,
"कोण तो? कोण वाजवतंय?"

मष्णूनं पहार टाकली आणि पळाला
पाण्याच्या टाकीमागं.
आम्ही त्याच्या मागं.
तिथं पहिलीतली शमशाद,
ओला झगा मुठीत घट्ट धरून उकिडवी,
कितीवेळची, तिलाच ठाऊक.

त्यानं आपला स्वेटर काढला,
तिच्या कमरेभोवती फिरवला,
बाह्यांची गाठ मारली. नीट बसेना म्हणून सोडून पुन्हा मारली.
मग माझ्याकडं बघून म्हणाला,
"बाई, ही रडूलाय."

एवढंच.
दुसऱ्या दिवशी हजेरीला पुन्हा नुसता हात.
मी काही विचारलं नाही.
बुधवारी अंडं अजूनही तो खिशात घालतो,
निंगव्वा अजूनही ते पाहत नाही,
म्हणजे, पाहत नाही असं दाखवते.

आता या घरात मावेल असं एकच अक्षर हवं.
अ लिहिला तर साहेब म्हणतील, पुरावा?
क लिहायला हात उचलत नाही.
आणि ब, तो तर मी थकले की सगळ्यांनाच देते.

पेन ठेवलं. पेन्सिल घेऊन समासात लिहिलं,
"वेळ झालेली नसताना घंटा वाजवतो."
वाचून पाहिलं. तक्रारीसारखं वाटतंय.
खोडलं नाही.

स्वेटर अजून शमशादकडेच आहे.
तिच्या आईनं दोनदा धुऊन पाठवला,
मष्णू घेत नाही, मान हलवतो.
बाहेर अंगाची लाही होतेय,
तरी ती तो कमरेला बांधून येते,
आणि घंटा झाली
की सगळ्यात आधी चिंचेकडं बघते.